लेपर्ड गेकोची जोपासना : एका सोशिक पालीचा इतिहास

सरपटणाऱ्या प्राण्यांची जोपासना माणसाला फार उशिरा जमली, आणि त्याचे मुख्य कारण या प्राण्यांच्या सोशिकतेत आहे. गाय वैरण सोडते तेव्हा त्याच दिवशी गोठ्यात कळते; पाल मात्र आठवडेच्या आठवडे अन्नावाचून काढते, शेपटीत साठवलेल्या चरबीवर तग धरते आणि जवळजवळ शेवटच्या टप्प्यापर्यंत दुखण्याचे चिन्ह बाहेर दिसू देत नाही. या प्राण्यांचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करीत नाही. ती ऊन, तापलेला दगड किंवा जमीन यांच्याकडून घेतली जाते आणि म्हणून त्यांची अन्नाची गरज सस्तन प्राण्यांच्या मानाने फारच थोडी असते. या काटकसरीने त्यांना कोरड्या, उजाड मुलखात लाखो वर्षे टिकवले. मात्र बंदिवासात तीच काटकसर त्यांच्यावर उलटली, कारण पाळणाऱ्याच्या हयगयीचा परिणाम दिसायला इतका वेळ लागे की कारण आणि मृत्यू यांचा संबंधच कोणाच्या ध्यानी येत नसे. लेपर्ड गेको या पालीच्या जोपासनेचा इतिहास म्हणजे हा लपलेला संबंध एकेक करून उघडकीस आणण्याचा इतिहास होय.

लेपर्ड गेको ही जमिनीवर राहणारी, निशाचर, बिबट्यासारखे ठिपके अंगावर बाळगणारी पाल आहे. घराच्या भिंतीवर फिरणाऱ्या पालीपासून ती दोन ठळक बाबतींत वेगळी पडते. तिच्या बोटांखाली भिंतीला चिकटून राहण्यास उपयोगी पडणाऱ्या पापुद्र्यांच्या गाद्या नसतात, म्हणून ती गुळगुळीत पृष्ठभागावर चढू शकत नाही. आणि तिला हलणाऱ्या पापण्या असतात, म्हणून ती डोळे मिटून झोपते. घरपालीचा डोळा पारदर्शक पटलाने कायम झाकलेला असतो व ती तो जिभेने पुसते. लेपर्ड गेकोची शेपूट जाड व वळ्यावळ्यांची असते आणि तिच्यात चरबी साठते. संकटात ती शेपूट तोडून पळते व पुढे नवी, पण आखूड आणि बेढब शेपूट उगवते. पाळीव स्थितीत ती चांगली सांभाळल्यास पंधरा ते वीस वर्षे जगते.

या पालींच्या ‘युब्लेफॅरिस’ या प्रजातीला जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये नाव दिले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने १८५४ मध्ये पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातून, आलेल्या नमुन्यांवरून ‘मॅक्युलॅरियस’ या जातीचे वर्णन केले, आणि जगभरच्या घरांत आज पाळली जाणारी लेपर्ड गेको मुख्यतः याच जातीची आहे. पश्चिम भारतातील लेपर्ड गेकोंनाही दीर्घकाळ याच जातीत गणले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकिम ब्योर्नर या जर्मन अभ्यासकाने त्यांना ‘फ्युस्कस’ असे वेगळे नाव दिले व पुढे ती स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या, खडकाळ भागांत हीच जात आढळते. २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातपुड्याच्या रांगांतून आणखी एका जातीचे वर्णन करून तिला सातपुड्याचेच नाव दिले. ज्या प्राण्याला आज परदेशी पाळीव प्राणी म्हणून पुण्या-मुंबईत विकले जाते, त्याची सख्खी भावंडे महाराष्ट्राच्याच दगडधोंड्यांत राहतात, ही गोष्ट त्याला विकत घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

पुणे जिल्ह्यातील मावळाची भूमी या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस तासाभराच्या प्रवासावर असलेल्या पुणे शहरात तो सातशे-आठशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. या उताराच्या मधल्या पट्ट्यात, तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेकडे, नवलाख उंबरे हे गाव वसले आहे. इथे भातखाचरांचे बांध आहेत, बांधांवर रचलेले धोंडे आहेत, काळ्या कातळाच्या भेगा आहेत आणि मुरमाड माळ आहेत. आणि पालींच्या अनेक जातींना नेमके हेच हवे असते. घाटमाथ्याच्या दमट रानात जमिनीवर राहणारी एक तपकिरी, पिवळसर पट्ट्यांची पाल आढळते. अल्बर्ट गुंथर याने १८६४ मध्ये तिला दख्खनचेच नाव दिले. पावसाळी रात्री पालापाचोळ्यात ती दिसली की पुष्कळजण तिला लेपर्ड गेको समजतात, पण तिला पापण्या नसतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात घाटघर येथून वरद गिरी यांनी २००८ मध्ये खडकावर राहणाऱ्या पालीची एक नवी जात शास्त्राला कळवली. जी पाल पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर वावरत होती तिला नाव मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, यावरून या प्राण्यांकडे किती कमी लक्ष गेले होते याची कल्पना येते.

लक्ष कमी गेले, पण भीती मात्र भरपूर होती. पंचांगांत पल्लीपतनाची फळे छापण्याची प्रथा जुनी आहे. अंगाच्या कोणत्या भागावर पाल पडली असता कोणते शुभाशुभ फळ मिळते याचे कोष्टक त्यांत असते, आणि पाल चुकचुकली की हातातले काम क्षणभर थांबवण्याची रीत घराघरांत होती. जमिनीवरच्या ठिपकेदार, जाड शेपटीच्या पालीबद्दल तर ती विषारी आहे, तिचा श्वास लागला तरी माणूस मरतो, अशा समजुती उत्तर व पश्चिम भारतात दूरवर पसरलेल्या आढळतात. वस्तुस्थिती अशी की भारतातील कोणत्याही पालीच्या दंशाने माणूस विषबाधा होऊन मरत नाही, आणि लेपर्ड गेकोला विषग्रंथीच नाहीत. भीतीचे फळ मात्र त्या प्राण्याला भोगावे लागले: दिसली की ठेचायची, हा शिरस्ता पडला. घोरपडीची कथा याहून निराळी. सिंहगडाच्या १६७० च्या लढाईशी जोडल्या गेलेल्या यशवंती घोरपडीच्या दंतकथेमुळे तिला मराठी मनात मानाचे स्थान मिळाले, पण त्या मानाने तिचे रक्षण झाले नाही; मांसासाठी आणि सांधेदुखीवरच्या तथाकथित तेलासाठी तिची शिकार चालूच राहिली.

सरपटणाऱ्या प्राण्याला बाळगण्याची जी परंपरा महाराष्ट्रात होती ती मुख्यतः गारुड्यांची आणि नागपंचमीची. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या पूजेमुळे दूरवर प्रसिद्ध झाली व पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे जिवंत नाग पकडण्यास बंदी आली. शिराळ्याबाहेर, गावोगाव टोपल्या घेऊन फिरणाऱ्यांकडे जे नाग असत त्यांचे दात पाडलेले असत, कधी तोंड शिवलेले असे, आणि असा नाग सण उलटल्यावरही काही आठवडे जिवंत दिसे. तो जिवंत दिसतो म्हणजे बरा आहे, असा अर्थ पाहणारे घेत. प्रत्यक्षात त्याचे मरण त्याच्या मुखातल्या जखमेपासूनच सुरू झालेले असे. दूध पाजण्याची कल्पना याच गैरसमजातून टिकली, कारण तहानेने व्याकूळ झालेला साप पुढ्यात आलेला कोणताही द्रव पितो. जोपासनेच्या इतिहासात ही गोष्ट महत्त्वाची आहे: श्रद्धा असूनही, आणि पुष्कळदा श्रद्धेपोटीच, प्राण्याची खरी गरज ओळखली गेली नाही.

शास्त्रीय निरीक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ मुंबईकरांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, आणि त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय वैद्य होते. सोसायटीचे बिऱ्हाड १८८६ मध्ये हर्बर्ट फिप्सन याच्या अपोलो स्ट्रीटवरील मद्याच्या पेढीत गेले आणि संग्रहातील नमुन्यांच्या जोडीला तिथे काही जिवंत प्राणीही राहू लागले; त्यांतला विल्यम नावाचा धनेश पक्षी सचिवाच्या खुर्चीमागे पंचवीस वर्षांहून अधिक काळ जगला. त्याच १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, परंतु त्याचा विषय घोडा, बैल आणि गाय हाच होता, आणि पालीच्या आजाराला पशुवैद्यकात स्थान मिळायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. परळच्या हाफकिन संस्थेत विष काढण्यासाठी साप ठेवले जात, तेव्हा बंदिवासातील सापांना जगवण्याचा प्रश्न प्रथमच कामाचा प्रश्न म्हणून समोर आला. पुण्यात १९५३ साली पेशवे उद्यानात प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. साप मारू नये, तो पकडून सुरक्षित सोडावा, हा संस्कार पुणे जिल्ह्याच्या गावांगावांत रुजवण्यात या सर्पोद्यानाचा वाटा मोठा आहे. मावळात आज सर्पमित्रांची जी फळी दिसते ती याच परंपरेतून वाढली.

लेपर्ड गेको मात्र या सगळ्या काळात महाराष्ट्राबाहेर, किंबहुना भारताबाहेर, पाळीव बनत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाकिस्तानातून पकडलेल्या हजारो पाली अमेरिकेत व युरोपात विकल्या गेल्या. प्रवासात पाणी नाही, एका पेटीत अनेक पाली कोंबलेल्या, अंगात जंत, आणि पोहोचल्यावर थंड हवामान, अशा स्थितीत त्यांतल्या कितीतरी हळूहळू खंगत. खंगणे म्हणजे शेपूट बारीक होणे, कंबरेची हाडे वर येणे, डोळे खोल जाणे आणि भक्ष्य समोर असूनही ते न टिपणे. त्या काळी या अवस्थेचे कारण विचारले जात नसे, कारण मेलेल्या पालीच्या जागी दुसरी स्वस्तात मिळे. हे चक्र मोडण्यास प्राणिसंग्रहालयांनी सुरुवात केली. अमेरिकेतील सिएटल शहराच्या वुडलंड पार्क प्राणिसंग्रहालयात अर्नी वॅगनर याने या पालीचे प्रजनन घडवले आणि त्याचा वृत्तांत १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. मादी एका खेपेस साधारणतः दोन अंडी घालते, एका हंगामात अशा अनेक खेपा होतात. ही गोष्ट समजल्यावर रानातून पाल पकडण्याची आर्थिक गरजच कमी झाली.

या प्रजननातून एक विलक्षण शोध लागला. लेपर्ड गेकोच्या पिल्लाचे लिंग त्याच्या गुणसूत्रांवर अवलंबून नसते, तर अंडे ज्या तापमानात उबवले जाते त्यावर ठरते. सुमारे २६ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या निपजतात, ३२-३३ अंशांना बहुतेक नर, आणि त्याहून वर ३४-३५ अंशांना पुन्हा बहुतेक माद्याच. तापमानाचे महत्त्व इथे नव्या अर्थाने समोर आले: ज्या प्राण्याचे लिंगसुद्धा जमिनीच्या उबेवर ठरते त्याची भूक, पचन, कात टाकणे आणि रोगप्रतिकार हे सारे त्याच उबेच्या हवाली असणार, हे उघड होते. आजच्या जोपासनेचा पहिला नियम यातूनच आला. पेटीच्या एका टोकास जमिनीचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश ठेवायचा, दुसरे टोक २४ ते २६ अंशांवर राहू द्यायचे, आणि प्राण्याला दोन्हींच्या मध्ये स्वतःच्या गरजेप्रमाणे फिरू द्यायचे. पोटात गेलेला किडा ऊब नसेल तर पचत नाही, सडतो. म्हणून थंडीत अन्न टाकून दिलेल्या पालीला आणखी अन्न भरवणे हे तिला मारण्यासारखे आहे.

दुसरी चूक दुरुस्त होण्यास अधिक वेळ लागला, आणि ती मुळात भूगोलाची चूक होती. लेपर्ड गेको वाळवंटातली पाल आहे, असे ठरवून पाळणाऱ्यांनी पेटीत कोरडी वाळू पसरली, वरून दिवा लावला आणि पाण्याची वाटी ठेवली की काम झाले असे मानले. प्रत्यक्षात ही पाल वाळूच्या टेकड्यांवर राहत नाही. ती घट्ट मातीच्या, मुरमाच्या, दगडांच्या माळरानात राहते आणि दिवस बिळात किंवा कपारीत काढते. मावळातल्या कातकरी समाजाला बांधातल्या बिळांची जी नेमकी जाण पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती या पाळणाऱ्यांकडे असती तर हा गैरसमज झालाच नसता. उन्हाळ्यात माळ रखरखीत झालेला असतो तेव्हाही बांधाच्या पोटातले बीळ आतून ओलसर आणि गार राहते. पाल याच ओलाव्यात कात टाकते. तो मिळाला नाही तर कात बोटांवर चिकटून राहते, सुकून आवळते, रक्तपुरवठा तोडते आणि बोट गळून पडते; पापणीखाली अडकलेली कात डोळ्याला सूज आणते, डोळा मिटतो, आणि डोळ्यांनीच भक्ष्य टिपणारी पाल उपाशी राहते. सैल वाळू तर किड्यांबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबवते, आणि ज्या पालीच्या शरीरात कॅल्शियम कमी आहे ती तर मुद्दाम वाळू चाटते. त्यामुळे पेटीत एक बंद, अंधारी आणि आतून ओली ठेवलेली लपणी असणे हा दुसरा नियम झाला. हवा कोरडी आणि बीळ ओले, हे दोन्ही एकाच पेटीत साधणे यातच या पालीच्या जोपासनेचे सारे कसब आहे.

तिसरा प्रश्न हाडांचा. रातकिडे, नाकतोडे आणि पिठातल्या अळ्या यांच्या शरीरात फॉस्फरस कॅल्शियमच्या अनेक पटींनी जास्त असतो, आणि हाडांना याच्या उलट प्रमाण हवे असते. नुसते किडे खाऊन वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढून घेते. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, पाठीचा कणा वळतो आणि शेवटी स्नायू थरथरू लागतात. यास चयापचयी अस्थिरोग म्हणतात. उपाय सोपा आहे: किड्यांना एक-दोन दिवस पालेभाजी व पौष्टिक दाणा खाऊ घालून मग ते कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत घोळून द्यायचे, आणि त्या कॅल्शियमचे शोषण व्हावे म्हणून ड-३ जीवनसत्त्व मोजून द्यायचे, कारण त्याचा अतिरेकही घातक ठरतो. महाराष्ट्रात इथे एक खास सूचना करणे भाग आहे. पानाबरोबर खाण्याचा चुना हा दाहक कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो. कॅल्शियम म्हणून तो पालीला दिल्यास तोंड व अन्ननलिका भाजते. निशाचर पालीला उन्हाची गरज नसते, असा समज दीर्घकाळ होता. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेपर्ड गेकोच्या पिल्लांना दिवसातून थोडाच वेळ अतिनील ‘ब’ किरण दिले असता त्यांच्या रक्तातील ड-३ जीवनसत्त्वाची पातळी वाढलेली आढळली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कपारीच्या तोंडाशी येऊन बसणारी पाल त्या उन्हाचा उपयोग करून घेत असावी, असे त्यावरून वाटते.

चौथा शोध सर्वांत क्लेशदायक होता. ऊब, ओलावा आणि आहार सारे बरोबर असूनही काही पाली खंगतच राहत. खात, पण अंगी लागत नसे, विष्ठा पातळ होई आणि शेपूट काडीसारखी होई. १९९० च्या दशकात या प्रकाराचे कारण म्हणून क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी पुढे आला. तो लहान आतड्याच्या अस्तरावर वाढतो व अन्नरस शोषू देत नाही. त्याला समूळ नष्ट करणारे औषध आजही हाती नाही. पॅरोमोमायसिन दिल्याने विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या परजीवींची संख्या घटते व पाल काही काळ सुधारते, पण तो रोग बहुधा परत उसळतो. घरगुती जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे ब्लीच या परजीवीच्या कवचापुढे निष्प्रभ ठरते. तीव्र अमोनिया आणि वाफ यांचा उपयोग होतो. त्यामुळे नव्या पालीला किमान दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवणे आणि तिची विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घेणे ही प्रथा रूढ झाली. खंगणाऱ्या प्रत्येक पालीला हाच रोग आहे असे धरून चालणे मात्र चूक आहे. थंडी आणि साधे जंत ही कारणे याहून कितीतरी अधिक वेळा आढळतात आणि ती बरी होतात.

माणसाने स्वतःच्या हौसेने घातलेली भर हा या इतिहासातला खेदाचा अध्याय आहे. १९९० च्या दशकापासून रंगांच्या नव्या वाणांची चढाओढ लागली. रंगद्रव्यहीन पाली आल्या, नारिंगी आल्या, ठिपक्यांविना आल्या. ‘एनिग्मा’ या वाणाच्या पालींना तोल सांभाळता येत नाही, त्या गोल गोल फिरतात आणि भक्ष्यावर नेम धरू शकत नाहीत. ‘लेमन फ्रॉस्ट’ या पांढरट पिवळ्या वाणाची किंमत फार वाढली, आणि २०२१ मध्ये जनुकशास्त्रज्ञ लिओनिड क्रुग्ल्याक यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी असे दाखवून दिले की त्या मोहक रंगाला कारण असलेला जनुकीय बदलच त्वचेच्या रंगपेशींत अर्बुद, म्हणजे गाठी, निर्माण करतो. अशा पालींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना त्या होतात. ज्या वाणात आजार रंगातच विणलेला आहे तो पुढे वाढवू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात ही पाल पाळण्याची हौस मुख्यतः गेल्या दोन दशकांतली, आणि ती पुस्तकी ज्ञानाबरोबर आली. ते ज्ञान मात्र थंड देशांतील, अखंड वीज असलेल्या घरांतील अनुभवावर उभे आहे. मावळात त्याचा जसाच्या तसा उपयोग होत नाही. लोणावळ्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की इतरत्र ज्या ओलसर लपणीची व्यवस्था मुद्दाम करावी लागते ती इथे साऱ्या पेटीभर आपोआप होते. अशा वेळी ओलावा वाढवण्यापेक्षा पेटीला भरपूर जाळी ठेवून हवा खेळती राखणे आणि बिछायत रोज कोरडी करणे गरजेचे असते, नाहीतर त्वचेवर बुरशी चढते व फुप्फुसाचा संसर्ग होतो. डिसेंबर-जानेवारीत तळेगावच्या परिसरात पहाटेचा पारा दहा अंशांच्या जवळ उतरतो, तेव्हा केवळ खोलीच्या उबेवर पाल जगते, पण अन्न पचवत नाही. त्यातच पावसाळ्यात वादळाने वीज तासन्‌तास जाते. २००० नंतरच्या दशकात तर भारनियमनामुळे ग्रामीण महाराष्ट्रात रोजच कित्येक तास वीज नसे. उबेची चटई बंद पडल्यावर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका टोकास ठेवणे, हा साधा उपाय अशा वेळी पालीचा जीव वाचवतो. शेतातून पकडून आणलेले नाकतोडे टाळावेत, कारण कीटकनाशकाचा अंश त्यांच्या शरीरात असू शकतो आणि काही ग्रॅम वजनाच्या पिल्लाला तेवढेही पुरते.

खंगलेल्या पालीवरच्या उपचारांचा क्रमही अनुभवाने ठरला आहे. प्रथम ऊब, मग पाणी, मग अन्न, आणि या तिन्हींची घडी बसल्यावरच औषध. पहिल्या एक-दोन दिवसांत पालीला योग्य तापमानात शांत, अंधाऱ्या जागी ठेवायचे. कोमट पाण्याच्या उथळ भांड्यात, पाणी पोटाच्या वर येणार नाही अशा बेताने, काही मिनिटे बसवायचे. नाकावर पाण्याचा थेंब ठेवून ती चाटते का ते पाहायचे. अनेक आठवडे उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले तर रक्तातील क्षारांचा तोल ढासळतो, म्हणून सुरुवात पातळ व अत्यल्प आहाराने करायची. बोटांवरची कात ओढून काढायची नाही. ओल्या फडक्यात काही वेळ ठेवून ओल्या कापसाने सोडवायची. जंतांवर फेनबेंडॅझोलसारखी औषधे उपयोगी पडतात, पण त्यांची मात्रा वजनावर ठरते आणि ती ठरवण्याचे काम पशुवैद्याचेच. या साऱ्याला एका सवयीची जोड हवी, ती म्हणजे आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर पालीचे वजन करून वहीत नोंदवणे. सोशिक प्राण्याचे दुखणे डोळ्यांना उशिरा दिसते. वजनाच्या आकड्याला ते दोन-तीन आठवडे आधी कळते, आणि तेवढ्या अवधीत बहुतेक पाली वाचवता येतात.

कायद्याने या क्षेत्राकडे उशिरा वळून पाहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी प्राण्यांना छत्र दिले, पण परदेशी पाळीव प्राणी बराच काळ त्याच्या कक्षेबाहेर राहिले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२० मध्ये अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने जाहीर करण्याचे आवाहन केले, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात नोंदलेल्या प्राण्यांना कायद्यात वेगळी अनुसूची मिळाली. या नियमांचा पुढे कसा अर्थ लावला जाईल हा प्रश्न वेगळा. परंतु एक गोष्ट कायद्याची वाट न पाहता पाळावयाची आहे. दुकानातल्या पालीची जोपासना शिकलेल्या माणसाने तेच ज्ञान वापरून माळावरची पाल घरी आणू नये, आणि कंटाळा आला म्हणून घरची पाल माळावर सोडू नये. सोडलेली पाल आपल्यासोबत क्रिप्टोस्पोरिडियमसारखा रोग नेऊ शकते आणि तो दख्खनच्या रानातल्या भावंडांत पसरला तर त्याला समूळ नष्ट करणारे औषध कोणाकडेही नाही.

नवलाख उंबरे आणि भोवतालचा पट्टा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीच्या विस्ताराखाली आला आहे. जमीन सपाट करताना धोंड्यांचे जुने बांध उपसले जातात व कपारी बुजतात, तेव्हा त्यांत राहणारे प्राणी रस्त्यावर, आवारात आणि घरांत येतात. अशा वेळी आढळलेली ठिपकेदार पाल विषारी नसते. तिला मारू नये, शेपूट धरून उचलू नये, हवेशीर खोक्यात एखाद्या कापडाखाली अंधारात ठेवावे, खाऊ घालण्याचा प्रयत्न करू नये आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.